केसभर

बाजाराच्या मागच्या गल्लीत तीन दुकानं,
तिन्ही क्यू दुरुस्तीची.
चौथं माझं.
दुकान म्हणजे शिलाई मशीनची जुनी मोटर,
तिच्यावर बेतलेलं लेथ,
आणि वर एक पत्रा, तोही भाड्याचा.

इलोइलोत हा खेळ सगळ्यांचा:
ट्रायसिकलवाले, मासळीवाले, एक पाद्रीसुद्धा.
समुद्राची हवा काठ्यांना वाकवते
म्हणून आमच्या चुली पेटतात.

मानोंग तेरोय या कामात चाळीस वर्षं.
दांडा कानाशी धरतो, नखाने वाजवतो
आणि सांगतो, कुठे दुखतंय.
त्याच्या आढ्याला मेपलचे दांडे
वटवाघळांसारखे उलटे टांगलेले,
तीन-तीन वर्षं वाळत.
मला इथे येऊन अकरा महिने झालेत.

मानोंग पेपिंगला आताशा दिसत नाही,
पण त्याच्या अंगठ्याला दिसतं.
तिसऱ्याचं नाव मी घेत नाही.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"बाई, हे कापड नव्हे, उसवलं की शिवलं."
मी गप्प राहिले.
वीस वर्षं कारखान्यात मशिनं खोलून बसवलीत;
सुईच्या नेढ्याएवढी चूक
अख्ख्या पाळीचे शर्ट बाद करते,
हे मला कोणी शिकवायला नको.

दर पाडला. ते दीडशे पेसो, मी साठ.
साठात आल्या साठाच्याच काठ्या:
चिकटपट्टी गुंडाळलेल्या,
एकीच्या टोकाला च्युइंग गम.
चामड्याची टिकली चिकटवायची, दाबायची,
कातायची, थुंकी लावून कड घासायची
चकाकेपर्यंत.
पहिल्या महिन्यात सात टिकल्या उडाल्या.
एक तर ऐन डावात, नऊच्या चेंडूवर.
हरलेल्या माणसाने ती आणून
माझ्यापुढे ठेवली, पुराव्यासारखी.
पैसे परत केले. त्या रात्री भात आणि मीठ.

मग मेडो आला.
(पाळण्यातलं नाव अर्किमेदेस, ते फक्त पोलिसांना ठाऊक.)
हातात बापाची काठी.
कामागोंगची मूठ, काळी, जड,
तिच्यात जडवलेला शिंपल्याचा मासा,
म्हणजे तेरोयचं काम.
"तो म्हणतो सहा आठवडे.
आणि मॅच रविवारी आहे."

टोकाचं बोंड डुगडुगत होतं.
शेकलं, पिळलं, निघालं.
आत, लाकडाच्या खुंटीभोवती,
कागद.
सरसात भिजून पिवळा पडलेला
लॉटरीच्या तिकिटाचा तुकडा.
दोन आकडे लागत होते: तीन, आठ.

खुंटी जास्त कातली गेली होती. केसभर.
हीच चूक मी मंगळवारी केली होती,
पण मला कागद सुचला नव्हता,
मी नुसती रडले होते.

मेडोला सांगता आलं असतं.
सोमवारपर्यंत गल्लीभर झालं असतं,
माझे साठ दीडशे झाले असते.
पलीकडे त्याचं लेथ चालू होतं,
एकसुरी, कुठेही न अडखळता.

खुंटीवर लाकडाची बाही चढवली.
कातली, थांबले,
मोजली, परत थांबले.
काठी टेबलावर लोटली
आणि ती गेली घरंगळत, न थुडथुडता,
दुसऱ्या कडेपर्यंत.

संध्याकाळी तो तुकडा काडेपेटीत घालून
तेरोयच्या फळीवर ठेवला.
"लागली होती का?" विचारलं.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला,
त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं.
"लागली असती तर
त्याच दिवशी चांगलं लेथ घेतलं असतं."
काडेपेटी खिशात टाकली.
बस म्हणाला नाही.

सोमवारी एकजण दारात,
बगलेत तीन तुकडे झालेली काठी.
"मानोंग तेरोयनं पाठवलंय."
गल्लीतला सगळ्यात नामांकित उधारीवाला,
वर भांडकुदळ.

मी स्टुलावरचा भुसा झटकला
आणि ते त्याच्यापुढे सरकवलं.